चेंडूचे तीन टप्पे

आमच्या लेझर सेंटरमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या क्रीडासंकुलात, रिसेप्शनच्या मागं हरवलेल्या वस्तूंचं एक खोकं आहे. एकेकटे मोजे, पोहण्याचे चष्मे, पाण्याच्या बाटल्या, एकदा तर कुणाची तरी कवळी. मुद्दाम कुणी काही टाकत नाही, तरी खोकं भरतंच. आणि परत न्यायला कुणी येत नाही. बास्केटबॉल क्लबातल्या किश्श्यांचं तसंच आहे. मी इथं नोकरी धरली ती किस्से जमवायला नव्हे. मी क्रांती करायला आले होते!

पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये खेळले, मग इथं विलायतेत येऊन स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स केलं. ज्या देशात प्रत्येक पार्कात बास्केटची रिंग आहे आणि पेपरात बास्केटबॉलची एक ओळ नाही, त्या देशाला मी सुधारणार होते. आता मी मेडनहेडजवळच्या एका छोट्या व्यावसायिक क्लबची कम्युनिटी ऑफिसर आहे. म्हणजे दारात तिकिटं देते, शाळांमध्ये सेशन्स लावते, आणि मॅच चालू असताना फरशीवर घाम सांडला की मॉप घेऊन धावते.

माझ्या किश्श्यांच्या खोक्यातल्या बऱ्याच वस्तू एकाच माणसाच्या आहेत. शंतनू. टीममध्ये शान. पिनरमध्ये वाढलेला, सहा फूट सात इंच उंचीचा मराठी मुलगा. वडील तो शाळेत असतानाच गेले. आई भूलतज्ज्ञ, तिथल्याच एका हॉस्पिटलमध्ये. हा स्कॉलरशिपवर अमेरिकेत गेला आणि कॉलेज बास्केटबॉलचा स्टार झाला. त्या कॉलेजच्या गावातल्या एका खाणावळीत त्याच्या नावाचं सँडविच मिळायचं. मग प्रोफेशनल झाला. प्रोफेशनल म्हणजे एका हंगामाचं कॉन्ट्रॅक्ट, एक अनोळखी गाव, एक भाड्याची खोली; पुढच्या हंगामाला दुसरं गाव. असं करत करत तो आमच्याकडं, म्हणजे आईच्या घरापासून गाडीनं तासाभरावर येऊन पोचला होता.

०

क्लबनं त्याला गाडी दिली होती. गाडी गावातल्या एका कार्पेटच्या दुकानाची. एका दारावर शंतनूचा हात उंचावलेला फोटो आणि त्याखाली दुकानाचं नाव. फोटो एवढा मोठा की तो गाडीत बसला की त्याच्याच छातीवर कोपर टेकवल्यासारखा दिसायचा.

तो जेवायचा त्या गाडीतच. सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये, एकटा, मांडीवर पास्त्याचा डबा. एकदा एका आजीबाईंनी काचेवर टकटक केलं. "यू आर द मॅन फ्रॉम द कार!" म्हणाल्या. हा खूष झाला, काच खाली केली. आजीबाईंनी विचारलं, जिन्याला कार्पेट बसवायला साधारण किती खर्च येईल?

मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"मी दुकानाचा नंबर दिला. आणि म्हणालो की मी स्वतः मेजर करायला येईन."

"वेडा आहेस का? नाही म्हणायचंस की."

"अगं, मला कुणी ओळखलं पण नव्हतं ना इतके दिवस," शंतनू म्हणाला.

आणि खरंच गेला. जिना मोजून, चहा पिऊन आला.

०

आमचं स्वतःचं कोर्ट नाही. लेझर सेंटरचा हॉल ठरलेल्या वेळेपुरता आमचा, त्यानंतर बॅडमिंटनवाल्यांचा. म्हणून आमचा कोच टेरी टाइमआउट घेत नाही. टीमला खेळ थांबवून मिनिटभर बोलता येतं, तो हक्कच आहे. पण टेरीच्या मते प्रत्येक टाइमआउट म्हणजे बॅडमिंटनवाल्यांशी भांडण. तो पूर्वी शाळेत पीटी शिकवायचा. टाइमआउट असे सांभाळून ठेवतो जणू निवृत्तीनंतर ते त्याच्या कामी येणार आहेत. टीम कोसळत असली तरी हाताची घडी घालून उभा. खेळाडू गयावया करतात. टेरी म्हणतो, "तुम्ही मोठी माणसं आहात. चालता चालता विचार करा."

एकदा मॅच बरोबरीत सुटली आणि ज्यादा वेळ सुरू झाला. बॅडमिंटनची मंडळी रॅकेटी घेऊन रेषेवर येऊन उभी. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांची नजर घड्याळावर. शेवटच्या क्षणी शंतनूनं तीन माणसं अंगावर घेऊन जो चेंडू टाकला, तसा मी आयुष्यात पाहिला नाही. रिंगला न लागता नुसती जाळी हलली. आम्ही जिंकलो. तो हात वर करून वळला तर त्याच्यासमोर नेटचा खांब घेऊन एक आजोबा.

"व्हेरी गुड," आजोबा म्हणाले. "आता जरा बाजूला व्हाल का?"

०

आठवड्यातून एकदा मी खेळाडूंना शाळांमध्ये नेते. हा माझा आवडता कार्यक्रम, आणि खेळाडूंचा सगळ्यात नावडता. हाउन्सलोच्या एका प्रायमरी शाळेत शंतनूनं उडी मारून रिंगला लोंबकळून दाखवलं आणि पोरं वेडी झाली. मग प्रश्न. बूट कुठला, पगार किती, झोपताना पाय पलंगाबाहेर येतात का. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, तुमचे फ्रेंड्स कोण आहेत?

अमेरिकेत खूप होते, तो म्हणाला.

"इथं?"

त्यानं चेंडू या हातातून त्या हातात घेतला. मी मागून जोरात हात वर केला. मुलीनं वळून माझ्याकडं नीट पाहिलं. माझ्या गळ्यातलं क्लबचं ओळखपत्र पाहिलं.

"ती नाही," मुलगी म्हणाली. "ती स्टाफ आहे."

परत येताना गाडीत मी हसत होते. तो नव्हता.

०

प्रत्येक होम मॅचला खेळाडूला घरच्यांसाठी फुकट तिकिटं मिळतात. ती पाकिटात घालून, वर नाव लिहून माझ्याकडं दारात ठेवायची पद्धत. शंतनूचं पाकीट कायम असायचं. वर एकच शब्द, देवनागरीत, शाळकरी अक्षरात: आई. पाकीट न्यायला कधीच कुणी यायचं नाही. मॅच सुरू झाली की उरलेल्या जागा मी रांगेतल्या लोकांना देते. त्याची देऊ नकोस, असं त्यानं मला बजावलं होतं. त्यामुळं पहिल्या रांगेत, भरल्या हॉलमध्येसुद्धा, एक खुर्ची रिकामी.

शेवटी मी विचारलंच, "काकू येत का नाहीत?"

तेव्हा कळलं. तो पंधरा वर्षांचा असताना शाळेच्या मॅचमध्ये पडला. आई हॉस्पिटलमधून थेट आलेली, अंगावर ऑपरेशन थिएटरचे कपडे. रेफरीनं खेळ थांबवायच्या आत ती धावत कोर्टावर गेली, सगळ्यांसमोर त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं. त्याला काहीच झालं नव्हतं. अख्खा हॉल हसला. शाळा संपेपर्यंत पोरांनी त्याला 'मम्मी' म्हणून हाक मारली. त्या दिवशी घरी आल्यावर तो म्हणाला, आई, तू परत माझ्या मॅचला येऊ नको.

"आणि मग?"

"मग ती आलीच नाही. कधीच. अमेरिकेत पण नाही."

"आता तू सांगितलंस का, ये म्हणून?"

"पाकीट ठेवतो ना."

"त्यांना माहीत आहे पाकीट ठेवतोस ते?"

त्यानं बुटाची नाडी सोडून परत बांधली. "आईला कळतं सगळं," म्हणाला.

मला अशा वेळी माणसांना खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. हा तर सहा फूट सात इंच. हात पोचला नसता.

०

त्याच दिवशी मी आणखी एक विचारून घेतलं. फाउल झाला की बास्केटबॉलमध्ये खेळाडूला एकट्याला रेषेवर उभं करून रिंगमध्ये चेंडू टाकायची मोकळी संधी देतात. फ्री थ्रो. अडवायला कुणी नसतं; तरीही कोर्टावरची ती सगळ्यात एकटी जागा. तिथं प्रत्येकाची काहीतरी सवय असते. शंतनू चेंडूचे तीन टप्पे पाडायचा, आणि प्रत्येक टप्प्याला ओठ हलायचे. टीममध्ये पैजा लागल्या होत्या. कुणी म्हणे संस्कृत मंत्र आहे, कुणी म्हणे शिवी.

"काय म्हणतोस रे तू?"

तो लाजला. अमेरिकेत पहिल्यांदा एकटा राहायला लागला, तेव्हा आई फोनवर रोज तेच तीन प्रश्न विचारायची. जेवलास का? दार लावलंस का? गॅस बंद केलास का? अजूनही विचारते. खेळाबद्दल एक शब्द नाही. हे तीन प्रश्न, आणि फोन ठेव. एकदा रेषेवर उभा होता, समोर हजारो लोक ओरडत होते, तेव्हा सहज ते तीन प्रश्न म्हटले. चेंडू आत गेला. मग सवयच लागली. एका टप्प्याला एक प्रश्न.

"पण गंमत माहितीये का," तो म्हणाला, "मी राहिलो त्या एका पण घरात गॅस नव्हता. सगळीकडं इलेक्ट्रिक."

"मग सांगितलं नाहीस?"

"सांगितलं तर दोनच प्रश्न राहतील ना."

०

आता माझी क्रांती. मी पिनरच्या मराठी मंडळाच्या देसाई काकांना फोन केला. म्हटलं, काका, आपला मुलगा इथं प्रोफेशनल बास्केटबॉल खेळतोय आणि आपण काय करतोय? क्रिकेटवर चर्चा! काका पेटले. एका शनिवारी मंडळाची बस भरून आली. बटाटेवडे, ढोल, दोन झांजा.

एक गोष्ट सांगायची राहून गेली. आपला खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की घरचे प्रेक्षक चिडीचूप बसतात, म्हणजे त्याचं लक्ष विचलित होत नाही. पाहुण्यांचा उभा राहिला की गोंगाट करतात. मंडळाला वाटलं, आपला मुलगा एकटाच उभा आहे, कुणी त्याच्यासाठी काहीच बोलत नाही, हे काय! शंतनूनं पहिला टप्पा पाडला आणि बसभर लोक उठले. ढोल, झांजा, "गणपती बाप्पा मोरया!" त्याचे दोन्ही फ्री थ्रो बाहेर. थोड्या वेळानं पाहुण्यांचा खेळाडू रेषेवर आला. देसाई काकांनी उभं राहून, दोन्ही हात पसरून सगळ्यांना बसवलं. "पाहुणे आहेत, शांत बसा." पाहुण्यांचे दोन्ही आत. आम्ही एका पॉइंटनं हरलो.

नंतर काकांनी शंतनूच्या पाठीवर थाप मारली. म्हणजे पोचली तिथं, कमरेवर. "पोरा, आम्ही एवढा जोर लावला. तू पण थोडा लावायचास."

तो हसला. वडा खात होता. मंडळातल्या बायकांमध्ये त्याच्या आईच्या हॉस्पिटलमधल्या तीन डॉक्टर होत्या. त्यातली एक कौतुकानं म्हणाली, "अरे, शनिवारी आम्हाला कुठली सुट्टी मिळायला. तुझी आई म्हणाली, तुम्ही जाऊन माझ्या शंतनूला बघून या. आम्हा तिघींच्याही ऑन-कॉल ड्यूट्या तिनं घेतल्या."

त्यानं अर्धा वडा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. पहिल्या रांगेतली खुर्ची त्याही दिवशी रिकामी होती.

०

आईनं मंडळाबरोबर शंकरपाळ्यांचा मोठा स्टीलचा डबा पाठवला होता. बुडाला वडिलांचं नाव कोरलेलं. शंतनूनं शंकरपाळे गाडीत बसून संपवले आणि डबा परत द्यायचं टाळत राहिला. मग मीच पिनरला गेले. रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून त्यात साखर घातली.

काकू बारीक, शांत, पटकन हसणाऱ्या नाहीत. चहा झाला. मी सरळ विषयावर आले. म्हटलं, काकू, तो प्रत्येक मॅचला तुमच्यासाठी तिकीट ठेवतो. पाकिटावर आई लिहून. हंगामभर.

त्यांनी कप खाली ठेवला. हे त्यांना माहीत नव्हतं.

"मग येणार ना?" मी म्हटलं.

"अगं, पाकीट दारात ठेवतात. माणसाला तोंडानं बोलावतात."

"पण काकू, त्याचा अर्थ तोच ना."

"येऊ नको, हे तो तोंडानं म्हणाला होता. ये, हेही तसंच म्हणू दे. मी कुठं लांब आहे?" मग उठता उठता विचारलं, "जेवतो का गं नीट?"

ट्रेनमध्ये मला इतका राग आला होता. तासाभराचं अंतर, दोन शिकलेली माणसं, दोन चालू फोन. आणि दोघंही वाट बघत बसलेली.

०

हंगाम संपत आला तेव्हा क्लबनं शंतनूला सांगितलं की पुढचं कॉन्ट्रॅक्ट नाही. वय, पैसे, नवा अमेरिकन मुलगा, नेहमीचंच. दुसऱ्या क्लबाचाही फोन नव्हता. मी कमिटीसमोर भांडले. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं, आणि नंतर मॉपची नवी कापडं मागवायला सांगितली. कार्पेटवाल्यांनी गाडी न्यायच्या आधी दारावरचा फोटो खरवडून काढला. पण उन्हानं बाजूचा रंग उडालेला. त्यामुळं हात उंचावलेल्या माणसाचा आकार तसाच राहिला.

शेवटची होम मॅच. मी पाकिटाची वाट पाहत होते. तो आला, रिकाम्या हातानं. म्हणाला, आज नको, ती खुर्ची देऊन टाक कुणाला तरी.

त्याच सकाळी आमची फिजिओ निकी तापानं आडवी झाली होती. आमच्या लीगचा नियम असा की फिजिओ किंवा डॉक्टर बाकावर बसल्याशिवाय मॅच सुरू होत नाही. टेरी दहा ठिकाणी फोन करत होता. मी एकच केला.

"काकू, डॉक्टर हवाय. नाहीतर मॅच रद्द होईल."

"म्हणजे ड्यूटी?"

"ड्यूटी."

"मग येते."

आल्या त्या वेळेच्या आधी. स्वतःची बॅग, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. पहिल्या रांगेकडं पाहिलंसुद्धा नाही. बाकाच्या टोकाला, टेरीपासून हातभर अंतर सोडून बसल्या. टेरीनं त्यांना नियम सांगितला: कुणी पडलं तरी रेफरीनं हात केल्याशिवाय कोर्टात पाऊल टाकायचं नाही. काकू म्हणाल्या, "आय नो."

शंतनू वॉर्म-अपला बाहेर आला आणि त्यानं पाहिलं. चेंडू हातात तसाच. काकूंनी बॅगेची चेन उघडली, परत लावली.

तो इतका वाईट खेळला की बघवेना. शेवटची दोन मिनिटं उरली, आम्ही थोडेच मागं होतो. तो उडी मारून रिंगकडं गेला, दोघं त्याच्यावर आदळले, आणि तो पाठीवर पडला. धप्पकन. फाउल, दोन फ्री थ्रो. शंतनू पडला की नेहमी लगेच उठतो, पंधराव्या वर्षापासून. या वेळी उठला नाही.

काकू उभ्या राहिल्या होत्या. बुटांची टोकं बरोबर रेषेला लागलेली. एक बोटही पलीकडं नाही.

मी मॉप घेऊन त्याच्याजवळ पोचले होते. रेफरी वाकला. "यू ओके? उठतोस?"

शंतनू छताकडं बघत होता.

"नो," म्हणाला. "कॅन यू कॉल माय मम?"

प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. रेफरीनं बाकाकडं हात केला.

काकू धावल्या नाहीत. चालत आल्या, गुडघ्यावर बसल्या, टॉर्च काढला. एक डोळा, दुसरा डोळा. मान, खांदे, बोटं.

"कुठं लागलं?"

"कुठंच नाही."

टॉर्च बंद झाला.

"जेवलास का?"

"हो."

"दार लावलंस?"

"हो."

"गॅस—"

"आई, गॅस नाहीये तिथं. कधीच नव्हता."

काकूंनी त्याच्या कपाळावरचा घाम तळव्यानं पुसला.

"मग सांगायचंस की, बाळा."

बाहेरचं कुणी मदतीला कोर्टात आलं की खेळाडूला बाहेर बसावं लागतं. त्याला कोर्टावरच ठेवायचं असेल, तर टीमला टाइमआउट खर्च करावा लागतो. दारात बॅडमिंटनवाले रॅकेटी घेऊन उभे होते. टेरीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग दोन्ही हात उंच धरून टाइमआउट मागितला.

मिनिटभरानं शंतनू रेषेवर गेला. हॉल चिडीचूप. रेफरीनं चेंडू दिला. त्यानं तो हातात धरला, रिंगकडं पाहिलं, आणि एकही टप्पा न पाडता टाकला.